अधिक-उण्याच्या पुढचा आकडा कोणी छापायचा?

दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावर देशातल्या मोठ्या वृत्तपत्रांची कार्यालये आहेत. त्याच रस्त्यावर भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीची इमारत आहे. दोन्हींमधले अंतर पायी जाण्याजोगे आहे. कणभौतिकीच्या बातम्या मात्र या रस्त्याने क्वचितच येतात. त्या परदेशी वृत्तसंस्थांकडून मथळ्यासकट येतात आणि इकडे केवळ त्यांची भाषा बदलते. भाषा बदलताना एक गोष्ट हमखास गळते, ती म्हणजे अधिक-उणे या चिन्हापुढचा आकडा.

७ एप्रिल २०२२ रोजी अमेरिकेतल्या फर्मिलॅबच्या सीडीएफ या प्रयोगगटाने डब्ल्यू बोसॉन या कणाचे वस्तुमान जाहीर केले: ८०,४३३.५ अधिक-उणे ९.४ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट. स्टँडर्ड मॉडेल या प्रस्थापित सिद्धांतानुसार ते ८०,३५७ अधिक-उणे ६ असायला हवे. फरक सुमारे ७६ एककांचा, म्हणजे दोन्हीकडच्या एकत्रित अनिश्चिततेच्या जवळजवळ सातपट. जगभर मथळे सजले: भौतिकशास्त्राचा पाया हादरला, स्टँडर्ड मॉडेलला तडे गेले, निसर्गातले पाचवे बल दाराशी येऊन उभे राहिले. पुढे १७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्नच्या सीएमएस प्रयोगाने तेच वस्तुमान जवळजवळ तितक्याच अचूकतेने मोजून जाहीर केले: ८०,३६०.२ अधिक-उणे ९.९. सिद्धांताशी चोख मेळ. पाया हादरल्याचे ज्यांनी वाचले होते, त्यांपैकी किती जणांपर्यंत पाया जागेवर असल्याचे वृत्त पोहोचले? दिल्लीतल्या कोणत्याही महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. पहिली बातमी बहुतेकांना ठाऊक असेल, दुसरी ऐकून बहुतेक जण चकित होतील.

या चकित होण्याला विद्यार्थी जबाबदार नाहीत. सिद्धांत आणि मोजमाप यांत तफावत दिसली की ती बातमी, आणि मेळ बसला की ते नित्याचे कामकाज, असा एक अलिखित नियम वृत्तव्यवहारात रूढ झाला आहे. तो नियम केवळ अपुरा नाही, तो विज्ञानाच्या व्यवहाराचे उलटे चित्र उभे करतो. अधिक वाईट गोष्ट ही की वैज्ञानिकांनीही तो मुकाट्याने स्वीकारला आहे, कारण त्यात त्यांचाही लाभ आहे.

आधी त्या ७६ एककांचे माप लक्षात घ्यावे. डब्ल्यूच्या वस्तुमानाऐवजी ८० किलो वजनाचा माणूस कल्पिला, तर हा वाद ७६ ग्रॅमचा आहे. भरलेला कपभर चहा घेतला तरी माणसाचे वजन याहून अधिक वाढते. सीडीएफचा दावा असा, की आमचा काटा या माणसाला ९ ग्रॅमपर्यंत अचूक तोलतो. दावा अशक्य मुळीच नाही, उलट तो विलक्षण कौशल्याचा आहे. पण असा दावा ऐकल्यावर समंजस माणसाचा पहिला प्रश्न काट्याविषयी असतो. माणसाच्या शरीरशास्त्राचे नियम कोसळले काय, हा प्रश्न त्याला फार उशिरा सुचतो. मथळ्यांनी मात्र तो पहिल्याच दिवशी विचारला आणि त्याचे उत्तरही देऊन टाकले.

शिवाय हा माणूस काट्यावर उभाच राहत नाही. डब्ल्यू बोसॉन निर्माण झाल्याबरोबर मोडतो. त्याचे आयुष्य सेकंदाच्या एका अब्जांशाच्या अब्जांशाहूनही कितीतरी कमी आहे. मोडताना त्यातून, उदाहरणार्थ, एक म्यूऑन आणि एक न्यूट्रिनो बाहेर पडतात. न्यूट्रिनो डिटेक्टरला हुलकावणी देऊन निघून जातो. हाती उरतो तो एकटा म्यूऑन. अशा कोट्यवधी म्यूऑनांच्या संवेगांचा आलेख काढायचा आणि तो आलेख कोणत्या वस्तुमानाशी सर्वांत चांगला जुळतो, ते पाहायचे. येथे म्यूऑनचा संवेग मोजण्यात दहा हजारांत एक भाग इतकी चूक झाली, तरी वस्तुमानाचा आकडा जवळजवळ ८ एककांनी सरकतो. चुंबकीय क्षेत्राचा नकाशा, सिलिकॉनच्या पट्ट्यांची केसाहून सूक्ष्म जागा, म्यूऑन ज्या द्रव्यातून जातो त्यात तो गमावत असलेली ऊर्जा, आदळणाऱ्या प्रोटॉनांची अंतर्गत रचना, या प्रत्येकाचा हिशेब त्या '९.९' मध्ये दडलेला आहे. खरे संशोधन तेथे आहे. '८०,३६०.२' हा आकडा त्या संशोधनाच्या शेवटी उरतो.

सीएमएसने हा हिशेब कसा केला, हे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने एकदा तरी समजून घ्यावे. २०१६ साली नोंदलेल्या टकरींतून दहा कोटींहून अधिक डब्ल्यू निवडण्यात आले. संवेगाची मोजपट्टी जे-साय या दुसऱ्याच एका कणाच्या साहाय्याने पारखण्यात आली, कारण त्याचे वस्तुमान फार अचूकपणे ठाऊक आहे. मग झेड बोसॉन घेण्यात आला. झेड दोन म्यूऑनांत मोडतो आणि दोन्ही दिसतात. विश्लेषकांनी त्यांतला एक म्यूऑन दिसलाच नाही असे मुद्दाम मानले, जणू तो न्यूट्रिनोच होता, आणि डब्ल्यूसाठी रचलेली पद्धत जशीच्या तशी झेडला लावली. झेडचे वस्तुमान पूर्वीच्या लेप प्रवेगकावरच्या प्रयोगांनी सुमारे २ एककांपर्यंत अचूक मोजून ठेवलेले आहे. नव्या पद्धतीचे उत्तर त्याच्याशी जुळले. या सर्व काळात डब्ल्यूचे खरे उत्तर स्वतः विश्लेषकांपासूनही झाकून ठेवलेले होते, म्हणजे अपेक्षित आकड्याकडे नकळत ओढ लागू नये. टकरी २०१६ च्या, उत्तर २०२४ चे. मधली आठ वर्षे अधिक-उण्याच्या पुढच्या आकड्यात खर्च झाली.

सीडीएफनेही उत्तर झाकूनच ठेवले होते, हे येथे न्यायाने नोंदवले पाहिजे. त्यांच्या विश्लेषणाला एका दशकाहून अधिक काळ लागला आणि त्यांनी सुमारे ४० लाख डब्ल्यू तपासले. त्या गटाने घाई केली असे कोणी म्हणू शकणार नाही. त्यांच्या आकड्यावर उड्या मारणाऱ्यांनी मात्र नक्कीच केली.

येथे दिल्लीचा संबंध दुहेरी आहे. सीडीएफ ज्या टेव्हाट्रॉन प्रवेगकावर होता, त्याच प्रवेगकाच्या वर्तुळावर डीझीरो हा दुसरा प्रयोग होता आणि दिल्ली विद्यापीठ, पंजाब विद्यापीठ व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात सहभागी होत्या. २ मार्च १९९५ रोजी या दोन्ही प्रयोगांनी मिळून टॉप क्वार्कचा शोध जाहीर केला, तेव्हा त्या संशोधकांत भारतीय गटही होते. डीझीरोने २०१२ साली डब्ल्यूचे वस्तुमान ८०,३७५ अधिक-उणे २३ असे दिले होते. म्हणजे त्याच टेव्हाट्रॉनच्या टकरींतून आलेला, कमी अचूक असला तरी सिद्धांताच्या निकटचा आकडा २०२२ च्या दहा वर्षे आधीपासून छापलेला होता. सीएमएसमध्येही दिल्ली विद्यापीठ आहे, टाटा संस्था आहे, पुण्याची आयसर आहे. त्या डिटेक्टरच्या प्रीशॉवर या भागासाठी लागलेले काही सिलिकॉन संवेदक भाभा अणुसंशोधन केंद्र, दिल्ली विद्यापीठ आणि बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स यांच्या सहकार्यातून भारतात घडले. डब्ल्यूचे विश्लेषण अर्थातच एका लहान गटाने केले. भारतीयांनी ते केले असा आव आणण्याचे कारण नाही. पण 'भारताचा सहभाग' हा शब्दप्रयोग जेथे-तेथे करणाऱ्या वृत्तपत्रांना, सहभाग असलेल्या प्रयोगाचा इतका मोठा निष्कर्ष चौकटीपुरताही दिसू नये, याला काय म्हणावे?

आता सिद्धांताच्या बाजूकडे वळू. ८०,३५७ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. झेडचे वस्तुमान, फर्मीचा स्थिरांक, विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता, टॉप क्वार्कचे आणि हिग्जचे वस्तुमान ही मोजलेली मूल्ये समीकरणांत घातल्यावर तो निघतो, आणि मोजलेल्या मूल्यांची अनिश्चितता त्याच्या पोटात येते. 'सिद्धांत विरुद्ध प्रयोग' अशी कुस्ती लावणारे हे विसरतात, की एका बाजूला उभा असलेला सिद्धांतही प्रयोगांचेच अन्न खाऊन वाढलेला आहे. शिवाय सीडीएफ आणि सीएमएस यांच्या आकड्यांत ७३ एककांचा फरक आहे. दोन्हीकडच्या अनिश्चितता परस्परांपासून स्वतंत्र मानून साधा हिशेब केला, तर हा फरक पाच सिग्मांच्याही पलीकडे जातो. जेथे दोन मोजमापेच एकमेकांशी जुळत नाहीत, तेथे सिद्धांताची परीक्षा अजून सुरूच झालेली नसते. २०२३ साली सर्व प्रयोगांचे आकडे एकत्र करण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला. निष्कर्ष असा निघाला, की सीडीएफसह ते समाधानकारकपणे एकत्र होत नाहीत. सीडीएफ वगळता सरासरी ८०,३६९.२ अधिक-उणे १३.३ येते. ही माहिती सीएमएसच्या निकालाच्याही आधीची आहे.

म्यूऑनच्या चुंबकीय आघूर्णाची कथा याहून बोलकी आहे. ७ एप्रिल २०२१ रोजी फर्मिलॅबने त्या आघूर्णाचे नवे मोजमाप घोषित केले. सिद्धांताशी तफावत ४.२ सिग्मांची. त्याच दिवशी, अक्षरशः त्याच तारखेला, 'नेचर' या नियतकालिकात बीएमडब्ल्यू या गटाचा संगणकीय निबंध प्रसिद्ध झाला. त्याने सिद्धांताच्या आकड्यातला सर्वांत दुर्घट भाग वेगळ्या मार्गाने काढला होता, आणि त्या मार्गाने गेल्यास तफावत बरीचशी विरघळत होती. एका सकाळी दोन कागद टेबलावर आले. कोणत्या कागदाचा मथळा झाला, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे काय झाले? २०२३ मध्ये नोवोसिबिर्स्कच्या सीएमडी-३ प्रयोगाने इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरींची जी मोजमापे दिली, ती त्याच प्रकारच्या जुन्या मोजमापांशी जुळेनात. सिद्धांताचा जुना आकडा त्या जुन्या मोजमापांवरच उभा होता. अन्य गटांच्या स्वतंत्र संगणकीय गणितांनी बीएमडब्ल्यूच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. मे २०२५ मध्ये सिद्धांतकारांच्या आंतरराष्ट्रीय गटाने नवा आकडा स्वीकारला आणि ३ जून २०२५ रोजी फर्मिलॅबने आपले अंतिम मोजमाप दिले. दोन्ही जुळले. प्रयोगाचा आकडा या चार वर्षांत जागचा हलला नाही, केवळ अधिक रेखीव झाला. हलला तो सिद्धांताचा आकडा. यावर काहींनी लगेच 'स्टँडर्ड मॉडेलचा विजय' असा डंका पिटला, आणि तोही तितकाच पोकळ आहे. नव्या सैद्धांतिक आकड्याची अनिश्चितता प्रयोगाच्या अनिश्चिततेच्या चौपटीहून अधिक आहे. परीक्षार्थी उत्तीर्ण झाला ते प्रश्नपत्रिका सोपी झाल्यामुळे. सिद्धांताची खरी कसोटी लागायची, तर त्याचा धूसरपणा आणखी चौपट कमी व्हावा लागेल, आणि ते काम महासंगणकांवर व टकरींच्या नोंदींवर वर्षानुवर्षे चालणार आहे.

येथवर दोष पत्रकारांच्या पदरात पडला. आता वैज्ञानिकांच्या पदरात घालू. १५ डिसेंबर २०१५ रोजी सर्नच्या दोन्ही मोठ्या प्रयोगांनी प्रकाशकणांच्या जोड्यांत ७५० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टजवळ किंचित उंचवटा दिसत असल्याचे सांगितले. प्रयोगकर्त्यांची भाषा सावध होती. सिद्धांतकारांनी मात्र त्या न जन्मलेल्या कणाची कुंडली मांडणारे पाचशेच्या आसपास शोधनिबंध लिहिले. यांत भारतीयही मागे नव्हते. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक नोंदी हाती आल्या आणि उंचवटा सपाट झाला. बाजारात तुरी हे यालाच म्हणतात. पाचशे निबंधांपैकी प्रत्येकाला संदर्भ मिळाले, कोणाच्या नेमणुकीला ते उपयोगी पडले, कोणाच्या बढतीला. उंचवटा नाही हे दाखवून देणाऱ्या तरुण प्रयोगकर्त्याच्या वाट्याला मात्र हजारो नावांच्या यादीतली एक ओळ आली. तेव्हा मथळा केवळ वृत्तपत्रांतच असतो असे मानण्याचे कारण नाही. निवड समितीच्या खोलीतही तोच वाचला जातो.

काही न दिसण्याची किंमत या देशाला तरी अपरिचित असू नये. १९८० च्या अखेरीस कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, टाटा संस्था आणि जपानमधील ओसाका यांच्या गटांनी १४० टनांचा डिटेक्टर सुरू केला. जॉर्जाय आणि ग्लॅशो यांच्या १९७४ च्या एकीकरण सिद्धांतानुसार प्रोटॉन अमर नसून कधीतरी मोडतो, आणि ते पाहायचे होते. १९८१ मध्ये या गटाने काही घटना प्रसिद्ध केल्या आणि निबंधाच्या शीर्षकातच त्यांना 'उमेदवार घटना' म्हटले. 'उमेदवार' या शब्दात सगळी शालीनता आहे: निवडणूक अजून व्हायची आहे. पुढे अमेरिकेत ओहायोच्या मिठाच्या खाणीत हजारो टन पाण्याचा आयएमबी डिटेक्टर चालू झाला आणि त्याला सिद्धांताने सांगितलेल्या मार्गाने मोडणारा एकही प्रोटॉन दिसला नाही. त्या न दिसण्याने एक अत्यंत देखणा सिद्धांत त्याच्या मूळ साध्या रूपात निकालात निघाला. आज जपानच्या सुपर-कामिओकांडेने त्या मार्गासाठी प्रोटॉनच्या आयुर्मानाची किमान मर्यादा एकावर चौतीस शून्ये इतक्या वर्षांच्या पलीकडे नेऊन ठेवली आहे. चाळीस वर्षांत कोणाला काहीच दिसलेले नाही, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रायोगिक निष्कर्षांत त्याची गणना करावी लागते. ज्या नियमानुसार 'मेळ' ही बातमी नाही, त्या नियमानुसार याची तर दखलही घेता येणार नाही.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा, की सामान्य वाचकाला अनिश्चितता, सिग्मा वगैरे समजत नाही. त्याला गोष्ट हवी असते. हा प्रतिवाद दिल्लीत तरी कोणी करू नये. २९ मे २०२४ रोजी दिल्लीच्या वायव्येकडील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. काही तासांत ते देशाचे विक्रमी तापमान म्हणून जगभर गेले. हवामान विभागाने त्याच दिवशी शंका व्यक्त केली, कारण शहरातल्या अन्य केंद्रांचे आकडे पुष्कळच कमी होते. तज्ज्ञांनी जाऊन तपासले तेव्हा तो संवेदक सुमारे ३ अंश अधिक दाखवत असल्याचे आढळले. हा सगळा वृत्तांत रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत प्रत्येकाला समजला. शेजारचा तापमापक काय सांगतो, हा तापमापक शेवटचा कधी पारखला होता, या प्रश्नांसाठी कोणाला भौतिकशास्त्राची पदवी लागली नाही. हिवाळ्यात आनंदविहारचा प्रदूषणाचा आकडा आणि लोदी रोडचा आकडा यांवर घरोघरी चर्चा चालते. नोएडा-गुरुग्रामपर्यंतचा वाचक यंत्राच्या विश्वासार्हतेवर वाद घालण्यात पुरता मुरलेला आहे. त्याला सीडीएफ आणि सीएमएस यांतला पेच समजणार नाही असे म्हणणे, म्हणजे आपला आळस त्याच्या माथी मारणे होय. मुंगेशपूरच्या बाबतीत दुरुस्तीची बातमीही छापली गेली, कारण त्या उन्हात सर्वांनाच उभे राहायचे होते. डब्ल्यू बोसॉनच्या उन्हात कोणी उभे नसते, एवढाच काय तो फरक.

आणखी एक प्रतिवाद सिद्धांतकारांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. १९५७ साली जॉर्ज सुदर्शन आणि रॉबर्ट मार्शक यांनी दुर्बल बलाचा जो सिद्धांत मांडला, तो तेव्हाच्या चार प्रयोगांच्या विरोधात जात होता. हे दोघे मागे हटले नाहीत. प्रयोगच चुकले असावेत असे त्यांनी म्हटले, आणि ते खरे ठरले. मग प्रयोगाच्या आकड्यापुढे सिद्धांताने नेहमीच मान का तुकवावी? प्रश्न रास्त आहे. पण सुदर्शन-मार्शक यांनी नेमके काय केले तेही पाहावे. त्यांनी कोणते प्रयोग पुन्हा करायला हवेत, ते नावानिशी सांगितले. संशयाची जागा दाखवली आणि पडताळ्याची वाट मोकळी केली. टाटा संस्थेत घडून अमेरिकेत गेलेल्या त्या पंचविशीतल्या विद्यार्थ्याचा हा धीटपणा, आणि उंचवटा दिसताच त्यावर सात दिवसांत निबंध पाडण्याचा उत्साह, यांची जात एक नव्हे.

आजच्या विद्यार्थ्यासाठी हा प्रश्न अमूर्त नाही. दिल्ली विद्यापीठाच्या उत्तर परिसरात किंवा जामिया मिलियात प्रबंधाचा विषय निवडणाऱ्या मुलीला घरचे विचारतात, 'तू नवे काय शोधणार?' एखाद्या संवेदकातला विद्युतप्रवाह किरणोत्साराने कसा वाढत जातो, हे चार वर्षे मोजणार, असे उत्तर तिने प्रामाणिकपणे दिले तर ते विचारणाऱ्याला काहीच सांगत नाही. कारण आजवर त्याने वाचलेल्या प्रत्येक विज्ञानवार्तेत शोध म्हणजे भूकंप होता. काही काळाने तीही तसेच मानू लागते. हुशार मुले भूकंपाच्या दिशेने वळतात आणि मोजपट्टी पारखण्याच्या खोलीत खुर्च्या रिकाम्या राहतात. १६ जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे आणि त्यापोटी दरवर्षी सार्वजनिक पैसा जातो. त्या पैशातून नेमके काय विकत घेतले जाते, हे नागरिकाला सांगायचे असेल तर '९.९' चा अर्थ सांगावाच लागेल. देवकणाच्या कथा त्यासाठी पुरणार नाहीत.

आणि पाया खरोखरच हादरत असेल तरी? सीडीएफची चूक कोणी दाखवून दिलेली नाही. त्यांचा निबंध मागे घेतला गेलेला नाही. सीएमएसशी त्यांचा जो ७३ एककांचा फरक आहे, तो कोणाच्या मोजपट्टीत आहे, हे शोधण्यासाठी दोन्ही विश्लेषणे ओळीओळीने पडताळावी लागतील. टेव्हाट्रॉन ३० सप्टेंबर २०११ रोजी कायमचा थांबला, त्यामुळे तेथे नव्या टकरी होणार नाहीत. जुन्या नोंदी, तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राचे नकाशे आणि ते वाचू शकणारी काही माणसे एवढेच साहित्य उरले आहे, आणि त्या माणसांपैकी अनेक जण आता निवृत्तीच्या वयाचे आहेत.